शेजारच्या सीटवर बसलो म्हणून माझ्यावरही केस?

जुळे_सोलापूरकर

नमस्कार मंडळी. सहा वर्षं इथे नुसता वाचत असतो. पहिल्यांदाच धागा काढतोय आणि तोही असल्या विषयावर.

गटारीला आम्ही चौघे पुणे रोडला, बाळे गावाच्या पुढे, एका ढाब्यावर बसलो होतो. गाडी माझी. मी तीन पेग घेतले होते, मित्राने (त्याला इथे बंड्या म्हणू) दोनच. निघताना मीच म्हणालो, "तू कमी घेतलीयस, तूच चालव बे," आणि चावी त्याच्या हातात दिली. खरं सांगतो, त्या क्षणी मला वाटत होतं की आपण फार शहाणपणाचं काम करतोय.

जुन्या पुणे नाक्यावर नाकाबंदी. काच खाली करायला लावली. हवालदाराने प्लास्टिकच्या पाकिटातून नवी नळी काढून मशीनला लावली आणि म्हणाले, "मी थांब म्हणेपर्यंत फुंकायचं." बंड्या तीनदा अर्धवट फुंकून थांबला. चौथ्यांदा मशीन वाजलं. आकडा ७८. लगेच बसच्या तिकिटासारखी पट्टी बाहेर आली, तिच्यावर तारीख आणि वेळ, ११:५२.

साहेबांनी विचारलं, गाडी कुणाची? मी छाती पुढे काढून, "माझी." मग यांच्याकडे कशी? "मीच दिली की. मी जास्त घेतली होती ना." झालं! तेवढं त्यांनी लिहून घेतलं. बंड्यावर मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ (दारू पिऊन गाडी चालवणं) आणि माझं नाव १८८ खाली. मागच्या सीटवरचे दोघे घोरत होते, त्यांना रिक्षात घालून घरी पाठवलं. गाडी चौकीला.

मी स्टिअरिंगला हात लावला नाही. मग माझ्यावर केस कशी? का नुसती भीती घालतायत? बंड्या बँकेत आहे, त्याचं पुढे काय होणार? घरी अजून नीट सांगितलेलं नाही.

शेंगाचटणी

तीन पेगवाल्याने दोन पेगवाल्याला शुद्धीवर असल्याचं सर्टिफिकेट दिलं! चावी ढाबेवाल्याकडे ठेवून यायची की. सकाळी मिसळ खायच्या निमित्ताने घेऊन आला असता.

विजापूर_वेस

जागेवरच पावती फाडून मोकळं व्हायचं. हेल्मेटची फाडतो तशी. एवढं ताणलं कशाला?

काळा_कोट

@विजापूर_वेस, हा गैरसमज इतका पसरलाय की आधी तोच काढतो. हेल्मेट, सिग्नल, सीटबेल्ट यांचा दंड जागेवर किंवा ऑनलाइन भरून विषय मिटतो, कारण ते गुन्हे तडजोडीने मिटवायची सोय कायद्यात आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम २०० मध्ये त्यांची यादी आहे आणि त्या यादीत १८५ नाही. म्हणजे दारू पिऊन गाडी चालवल्याची केस कोर्टातच जाते. जागेवर कुणी "मिटवतो" म्हणाला तर ती पावती नव्हे, दुसरा गुन्हा आहे. देणाऱ्याचाही.

आता मूळ प्रश्न.

बंड्याचं आधी. मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल. त्याचे ७८, म्हणजे अडीचपट. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० दंड किंवा दोन्ही. पूर्वी हा दंड दोन हजारांपर्यंत होता. २०१९ च्या दुरुस्तीने तो वाढला. लोक अजून दोन हजारांच्याच हिशेबात कोर्टात येतात आणि आकडा ऐकून खिसे चाचपतात. गुन्हा जामीनपात्र आहे, तेव्हा आत बसावं लागेल या भीतीने झोप उडवू नका.

दंडापेक्षा लायसन जास्त दुखतं. १८५ खाली दोषी ठरलं की कोर्टाने किमान सहा महिने लायसनसाठी अपात्र ठरवायचं, असं कलम २० सांगतं. त्याशिवाय पोलीस जागेवर लायसन काढून घेऊन आरटीओकडे पाठवतात, आरटीओकडून तीन महिन्यांचं निलंबन होऊ शकतं, ते निराळं. शिवाय गुन्हा कबूल करून दंड भरला की ती शिक्षाच झाली. पुढे कुठल्या अर्जावर "कधी दोषी ठरला होता का" असा रकाना आला की तिथे "नाही" लिहिता येत नाही. बँकेतल्या माणसाने हे डोक्यात ठेवून मगच कबुली द्यायची की लढायचं ते ठरवावं.

आता तुमचं. १८८ म्हणजे अपप्रेरणा. १८४ (धोकादायक गाडी चालवणं), १८५ किंवा १८६ (शरीराने किंवा मनाने ठीक नसताना गाडी चालवणं) चा गुन्हा करायला जो मदत करेल किंवा चिथावेल, त्याला त्याच गुन्ह्याची शिक्षा. सवलतीची वेगळी शिक्षा नाही. नुसतं शेजारी बसणं म्हणजे अपप्रेरणा नव्हे. चिथावणी, संगनमत किंवा जाणूनबुजून मदत, यांपैकी काहीतरी दाखवावं लागतं. मागे घोरणाऱ्या दोघांना रिक्षात बसवून सोडलं ते त्यामुळेच. तुम्ही मात्र गाडीचे मालक. तो प्यायलाय हे समोर बसून पाहिलेलं. स्वतः चावी दिली आणि "तूच चालव" म्हणालात. अपप्रेरणेचं उदाहरण शिकवायचं झालं तर मी हेच देईन.

तुमच्या बाजूने एकच गोष्ट आहे. पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही. तेव्हा छाती काढून बोललेल्या त्या एका वाक्यावर शिक्षा होणार नाही, दुसरा पुरावा लागेल. ढाब्याच्या दारात कॅमेरा होता का?

जुळे_सोलापूरकर

होता. गल्ल्याच्या बरोबर वर. आणि चावी मी तिथेच बिल देताना दिली.

शेंगाचटणी

अरारा.

रात्रपाळी

मी वकील नाही, सरकारी दवाखान्यात रात्री असल्या केसेस बघायचं काम करते. 'दोनच पेग' या शब्दाबद्दल थोडं.

ढाब्यावरचा पेग ६० मिलीचा असतो. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीच्या ६० मिलीत साधारण २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. सत्तर किलोच्या माणसाने रिकाम्या पोटी तेवढं घेतलं तर रक्तात ४० च्या आसपास मिलिग्रॅम होऊ शकतं. म्हणजे एका पेगमध्येच तीसची रेघ ओलांडली. दोन पेगला ७८ म्हणजे मशीनने काही खोटं सांगितलेलं नाही. आठ टक्केवाल्या स्ट्राँग बिअरची एक ६५० ची बाटली दोन पेगांएवढीच असते, आणि "मी फक्त बिअर घेतलीय" म्हणणारे आमच्याकडे सर्वांत छाती पुढे काढून येतात. बायकांचं आणि कमी वजनाच्या माणसांचं प्रमाण आणखी चढं येतं.

लिंबूपाणी, दही, पान, कांदा, शेंगा यांनी वास जाईल, रक्तातला आकडा जात नाही. शरीर ताशी साधारण १५ मिलिग्रॅमच्या आसपास उतरवतं. ७८ वरून ३० खाली यायला तीन तासांहून जास्त. पहाटे दोनपर्यंत बसून सकाळी सातला मुलाला शाळेत सोडायला निघालेला बापही त्यात सापडू शकतो.

आणि मशीनवर विश्वास नाही म्हणून फुंकायला नकार द्यायचा विचार कुणाच्या डोक्यात असेल तर सांगते. नकार दिला की वॉरंटशिवाय अटक करता येते. अटक केली की दोन तासांत डॉक्टरकडे आणावंच लागतं, नाहीतर सोडावं लागतं. म्हणून पोलीस आमच्या दारात धावतपळत येतात. तिथे रक्त घेताना कातडी स्पिरिटने पुसत नाही. स्पिरिट म्हणजे अल्कोहोलच, नमुन्यात शिरलं तर आकडा खोटा येईल. सोडियम फ्लोराइड घातलेल्या बाटलीत रक्त, लेबल, सही, लाखेचं सील आणि मग न्यायवैद्यक प्रयोगशाळा. माझ्या हातून सील न होता एक बाटली कधी गेली नाही, पण सीलची वेळ लिहायची राहिली म्हणून साक्षीला उभी राहून बोलणी खाल्लीत.

होटगीकर

पुण्यात कल्याणीनगरला १९ मे २०२४ ला जो अपघात झाला, त्यात तर रक्तच बदलल्याचा आरोप होता ना? दोन इंजिनिअर गेले. गाडी चालवणारा अल्पवयीन. आणि गाडीत बसलेल्या पोरांचेही नमुने बदलले असं पुढे आलं. चालवणाऱ्याचं समजू शकतो, बसलेल्यांचं रक्त बदलायची घाई का झाली असेल, हा प्रश्न मला तेव्हापासून पडलाय.

काळा_कोट

त्यावर खटला आहे, म्हणून आरोपांवर मी बोलणार नाही. त्यातला मालकांच्या कामाचा भाग सांगतो. अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर कलम १९९अ खाली पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० दंड, गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द, आणि त्या पोराला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन नाही. "पोरगा चौकातूनच चक्कर मारून येतो" म्हणून चावी देणाऱ्या आसरा चौकातल्या बापांनी हे वाचावं.

अपघातात माणूस गेला तर १८५ हा सगळ्यांत लहान गुन्हा उरतो. निष्काळजीपणाने मृत्यू, भारतीय न्याय संहितेचं कलम १०६, पाच वर्षांपर्यंत. जुन्या ३०४अ ला दोनच होती. आणि दारूचं प्रमाण, वेग, वस्ती हे सगळं धरून "माणसं मरू शकतात हे याला कळत होतं" असं दिसलं तर सदोष मनुष्यवध, दहा वर्षांपर्यंत. मुंबईत कार्टर रोडला नोव्हेंबर २००६ मध्ये फुटपाथवर झोपलेले सात मजूर गेले. चालवणाऱ्याच्या रक्तात ०.११२ टक्के अल्कोहोल होतं, म्हणजे आपल्या हिशेबात ११२. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये सदोष मनुष्यवधच कायम ठेवला. शिक्षा मात्र तीनच वर्षं. ती मला आजही कमी वाटते, पण हे झालं माझं मत.

माधवनगर_वहिनी

वकीलदादा, मला वेगळंच विचारायचंय. आमच्याकडे लग्नकार्याहून परत येताना हे गाडीवर. प्यायलेत ते मला कळतं, मांडीवर लेकरू, रात्रीचे बारा, रस्त्यात रिक्षा नाही. मी "चालवू नका" म्हणते, ते "गप बस" म्हणतात. मग मी बसते. पोलिसांनी धरलं तर मी पण अपप्रेरणावाली?

काळा_कोट

नाही ताई. विरोध करून नाइलाजाने बसलेल्याला मदत केली असं म्हणता येत नाही. पोलीस कारवाईत मात्र सरसकटपणा होतो, हे मान्य. ३१ डिसेंबरच्या नाकाबंदीत सोबत्यांवर १८८ लावलेलं आहे. चेन्नई पोलिसांनी ऑक्टोबर २०२२ मध्ये सोबत बसणाऱ्यांनाही दंड असं जाहीर केलं होतं, त्यावर भरपूर वाद झाला. रिक्षा, टॅक्सी किंवा ट्रॅव्हल्सचा प्रवासी तर यात बसतच नाही. ड्रायव्हर प्यायलेला वाटला तर ११२ ला फोन करा.

माधवनगर_वहिनी

११२ ला नवऱ्याची तक्रार करायची म्हणजे दादा, तुम्ही पुढे काय होतं ते बघायला घरी या एकदा.

बाळीवेस

वहिनी, कायद्याने सुटाल. पुढचं वाचा.

माझा धाकटा भाऊ गेल्या गाळप हंगामात मंगळवेढा रोडवरून मित्राच्या मागे बसून येत होता. मित्राने घेतलेली होती, भावाने नव्हती. वळणावर उसाची ट्रॉली उभी. मागे ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर, नुसतं वाळलेलं पाचट लोंबतंय. आपल्या जिल्ह्यात हंगामात हे रोजचं आहे. मित्राला खरचटलं. भावाची उजवी मांडी मोडली, आत रॉड. अकरा दिवस दवाखाना. रोज सकाळी चहा घेऊन जायचो तेव्हा तो छताकडे बघत पहिलं वाक्य एकच म्हणायचा, "दादा, मी प्यायलो नव्हतो." मला माहीत होतं रे. पण तो म्हणायचाच.

मित्राच्या गाडीला फक्त थर्ड पार्टी विमा. विम्याच्या माणसाने फोनवर दोन मिनिटांत सांगितलं, मागे बसलेला त्यात येत नाही. ट्रॉलीवाल्याचं म्हणणं, दारुड्याने उभ्या ट्रॉलीला धडक दिली, माझा काय संबंध. आणि गावात सगळे म्हणतात, प्यायलेल्याच्या मागे बसलाच कशाला? भाऊ आता यंत्रमागावर उभा राहू शकत नाही. चादरीचं काम सुटलं. बसून करण्याजोगं काही शोधतोय.

पॉलिसीवाले_काका

बाळीवेस, वाईट वाटलं. पण विम्याचा माणूस खोटं बोलला नाही. नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत मागे बसलेला किंवा कारमधला फुकटचा प्रवासी 'थर्ड पार्टी' धरला जात नाही. पॅकेज पॉलिसी (थर्ड पार्टीसोबत गाडीच्या नुकसानीचाही विमा) असेल तर धरला जातो. हजार-दोन हजार वाचवायला लोक जुन्या गाडीची पॅकेज बंद करून नुसती थर्ड पार्टी करतात. त्यात कापले जातात ते मागे बसणारे, ज्यांना कुणी विचारतही नाही.

जुळे_सोलापूरकर, तुम्हीही ऐका. बंड्याने त्या रात्री गाडी दुभाजकावर घातली असती तर गाडीच्या नुकसानीचा एक रुपया मिळाला नसता. दारूचा अपवाद पॉलिसीवर छापलेलाच असतो. मशीनने मोजलंच नव्हतं म्हणूनही सुटका नाही. दिल्लीला इंडिया गेटजवळ ठोकलेल्या एका पोर्शच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितलं की, बाकी परिस्थितीवरून कंपनी दारू सिद्ध करू शकते. मालकाचा १५ लाखांचा अपघात विमाही प्यायलेल्या मालकाला मिळत नाही. आणि रस्त्यावरचा कुणी गेला असता, तर त्याच्या घरच्यांचे पैसे कंपनीने भरले तरी ते परत कुणाकडून वसूल केले असते? गाडी कुणाच्या नावावर आहे?

काळा_कोट

@बाळीवेस, ट्रॉलीवाल्याला असा सोडू नका. तुमच्या भावाच्या बाबतीत दोघांची चूक आहे, भावाची नाही. अशा संयुक्त निष्काळजीपणात जखमी माणूस दोघांपैकी कुणा एकाकडूनही पूर्ण भरपाई मागू शकतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये स्पष्ट केलंय. रात्री दिवा नसलेली ट्रॉली रस्त्यावर उभी करणं ही निष्काळजीच आहे. ट्रॅक्टरचा विमा असेल तर ती कंपनीही पक्षकार होते. "प्यायलेल्याच्या मागे बसला" हा मुद्दा समोरचा वकील काढणारच, थोडी रक्कम कापून घ्यायचा प्रयत्न करेल. त्याला घाबरून दावाच न करणं ही खरी चूक. २०२२ पासून दाव्याला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत कायद्यात आली आहे. तारीख उलटली असेल तरी घरात बसून ठरवू नका, कागद घेऊन वकिलाकडे जा. पंचनाम्यात ट्रॉलीच्या मागच्या बाजूचं काय लिहिलंय ते आधी बघा.

बाळीवेस

"ट्रॉली रस्त्याच्या कडेला उभी" एवढंच लिहिलंय. पण अपघातानंतर भावाच्या मित्रानेच मोबाइलवर फोटो काढले होते. त्यात पाचट दिसतं. दिवा दिसत नाही. उद्याच जातो.

विजापूर_वेस

माझा पावतीचा प्रतिसाद मागे घेतो.

जुळे_सोलापूरकर

महिन्याने लिहितोय, खूप जणांनी विचारलं म्हणून.

गाडी सुपूर्दनाम्यावर (कोर्ट मागेल तेव्हा हजर करायच्या हमीवर) सुटली. बंड्याने वकिलाशी बोलून कबुली दिली. १०,००० दंड, लायसन सहा महिने नाही. कोर्टात आमच्या आधी सात जण होते, सगळे गटारीचेच, सगळ्यांची नजर खाली. एकाची म्हातारी आई सोबत आली होती. तिला कुणीतरी बाकावर जागा करून दिली, तर ती बसेना.

माझ्या १८८ वर मी कबुली दिली नाही. ढाब्याच्या कॅमेऱ्याचं चित्रण पोलिसांनी घेतलंय का ते पुढच्या तारखेला कळेल. वकील म्हणतात, लढता येईल. बायको म्हणते, चावी दिली होतीस ना, मग लढतोस कशाबद्दल? तिला अजून उत्तर दिलेलं नाही.

बंड्याची शाखा नवी पेठेत. रोज सकाळी साडेनऊला मी त्याला स्कूटरवर मागे बसवून सोडतो आणि संध्याकाळी आणतो. हेल्मेट त्याच्या बायकोने घेऊन दिलंय. दारात उभी राहून ती त्याला डबा देते. माझ्याशी अजून बोलत नाही.